तिसऱ्या रांगेतला टेनर

बँडवाला म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. नवरदेवाची घोडी कधी उधळली का, आणि प्यालेल्या वऱ्हाड्यांनी कधी मारलं का. दोन्हींचं उत्तर हो असं आहे, आणि दोन्ही किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत की आता ते माझे मलाच खोटे वाटायला लागलेत. म्हणून या अंकासाठी तिसरंच सांगतो. लातुरात मी तीस-पस्तीस वर्षं बँडमास्तर होतो. क्लॅरनेट वाजवायचो. जिल्ह्यात नाव होतं. आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी एका माणसावर जळत होतो. तो माझ्याच बँडमध्ये, माझ्याच मागे तिसऱ्या रांगेत उभा असायचा. नाव दिगंबर, गाव देवणी. आम्ही त्याला दिगू म्हणायचो. तो टेनर सॅक्सोफोन वाजवायचा.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बँडमध्ये सगळ्यांच्या पुढे मास्तर चालतो. सिनेमात जे गायक गातो ते सगळं त्याच्याकडे. त्याच्या मागे ट्रंपेट, मग सॅक्सोफोन आणि युफोनियम, आणि शेवटी ढोल, साइड ड्रम, झांजा, खुळखुळे. लोकांना दिसतो मास्तर आणि ऐकू येतो ढोल. मधल्या रांगा संख्या भरल्यासारखी वाटावी म्हणून असतात असंच बहुतेकांना वाटतं. टेनर हा त्या मधल्या रांगेतला. पितळेचा, वाकड्या मानेचा, गळ्यात पट्टा अडकवून पेलायचा बाजा. तोंडाशी बोरूची पातळ पत्ती असते, ती ओली ठेवायची आणि फुंकायचं. आवाज पुरुषाच्या गळ्यासारखा जाड, माझ्या क्लॅरनेटच्या एक सप्तक खाली. मास्तर जी चाल वाजवील तीच चाल मागून वाजवत चालायचं, एवढंच त्याचं काम.

दिगूनं एवढंच केलं असतं तर मी सुखात राहिलो असतो.

तो पहिल्यांदा गंजगोलाईमागच्या आमच्या दुकानात आला तेव्हा मी त्याला म्हटलं, वाजवून दाखव. त्यानं पत्ती तोंडात धरली आणि बराच वेळ ती चघळत बसला. मला वाटलं, याला येत नाही म्हणून वेळ काढतोय. मग त्यानं फुंक मारली तर आधी नुसता वारा आला. गव्हाच्या शेतातून येतो तसा. आणि त्या वाऱ्यातून हळूच सूर बाहेर आला. मी त्याचा बाजा हातात घेऊन बघितला, भोकांवर बसणारी कुठली गादी फाटली असेल, हवा निसटत असेल म्हणून. सगळ्या गाद्या ठीक होत्या. वारा त्या बाज्याचा नव्हता, त्याचा होता. मी मास्तर, त्यामुळे काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, वारा कमी कर. तो म्हणाला, "हाव मास्तर." आणि पुढं एकोणीस वर्षं त्यानं तो रतीभर कमी केला नाही.

दुसरी गोष्ट मला पहिल्याच लग्नसराईत कळली, पण मी ती कुणाला कळू दिली नाही. चालता चालता क्लॅरनेट वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो. ओळ संपली की तो घेतो आणि तिथं गाण्यात एक भोक पडतं. दिगू ठोक्याच्या जरा मागून यायचा, त्यामुळे माझी ओळ संपली तरी त्याची संपलेली नसायची. मी श्वास घ्यायचो आणि ते भोक तो भरून टाकायचा, इतकं बेमालूम की ऐकणाऱ्याला वाटावं क्लॅरनेटच अजून चालू आहे. दोन-तीन वर्षांत माझं नाव झालं, लंब्या दमाचे मास्तर. औशापासून अहमदपूरपर्यंत लोक म्हणायचे, या माणसाला श्वासच लागत नाही. मी मान डोलवायचो. दम कुणाचा होता हे मला माहीत होतं, आणि ज्याच्या दमावर आपलं नाव चालतं त्याच्यावर माणूस किती जळू शकतो हे मला तिथं कळलं.

तरी हे लोकांना कळत नव्हतं तोवर ठीक होतं. मग औशाजवळच्या एका गावात मुलीच्या पाठवणीला आम्ही वाजवत होतो. मुलगी गाडीत बसली, बायका रडायला लागल्या, नेहमीचंच. मुलीची आई डोळे पुसत माझ्याकडं आली. मी क्लॅरनेट खाली घेतलं, नम्र चेहरा केला. असे प्रसंग मला चांगले जमायचे. ती म्हणाली, तुमच्या बाज्यानं लई रडवलं हो. मी हात जोडले. तर बाई म्हणाली, "तुमी न्हाई. ते मागचे." आणि मला ओलांडून ती दिगूकडं गेली आणि त्याच्या हातात नारळ दिला. दिगू लाजून माझ्याकडं बघत होता, घेऊ का म्हणून. मी मानेनंच घे म्हटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आता लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. उन्हाळ्यातली लग्नांची एक मोठी तिथी जवळ येत होती. निलंग्याकडच्या एका गावात एकाच दिवशी दोन लग्नं होती आणि दोन्हीकडं बँड सांगितलेले, एकीकडं आमचा, दुसरीकडं नांदेडचा. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाचा परण्या निघतो, म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. त्या गावात मारुती एकच. दोन परणे समोरासमोर आले की दोन्ही बँडनी पारासमोर उभं राहून वाजवायचं. जो आधी थांबेल त्याच्या नवरदेवानं थांबायचं, दुसऱ्याचा आधी दर्शनाला जाणार, अशी तिथली रीत. त्याला मुकाबलाच म्हणतात.

या मुकाबल्यासाठी मी घरात दार लावून आठ दिवस तयारी केली. गाण्याच्या मध्येच सूर अर्धा वर न्यायचा, पेटीवर काळी पाच धरली असेल तर तिथून पांढरी सातला. पेटीवाल्याला एक घर सरकायचं असतं, पण आमच्या बाज्यांवर त्यासाठी सगळी बोटं उलटीपालटी होतात. आधी सांगून तालीम केली तर कुणालाही जमेल. मी सांगितलंच नाही. बायको म्हणाली, एकट्यानं कशाला घोटताय, बाकीच्यांना बोलवा की. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. खरं तर नांदेडच्या बँडला हरवायचं हे माझ्या मनात दुसऱ्या नंबरला होतं. पहिल्या नंबरला दिगूला चारचौघांत अडखळताना ऐकायचं होतं.

मुकाबला भर उन्हात सुरू झाला. पितळ हाताला चटके देत होतं. दोन्ही बँड जोरात होते आणि कुणी थांबेना. अंतरा संपला आणि मी सूर चढवला. मागचे ट्रंपेट किंचाळले. युफोनियम बंद पडला. फक्त ढोलवाले बिनघोर चालू होते, त्यांना सुराशी काय करायचं. आणि दिगू गप्प झाला. मला जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं आणि मी खूश होऊन पुढची ओळ घेतली, आणि ओळ अर्ध्यावर असताना माझा दम संपला. आठ दिवस मी खोलीत एकटाच वाजवत होतो, पाहिजे तिथं थांबत होतो. रस्त्यावर माझा श्वास कोण सांभाळतो याचा मला विसर पडला होता. समोरचा नांदेडचा मास्तर माझ्याकडं बघत होता. आणखी दोन ठोके, आणि आमचा नवरदेव उन्हात घोड्यावर ताटकळत बसणार होता.

तेवढ्यात मागून सूर आला. दिगूनं चाल पकडलीच नाही. त्यानं नव्या पट्टीतला खालचा सा धरला, एकच, लांब, त्याच्या त्या वाऱ्यासकट, आणि तो सोडला नाही. जमीन सापडल्यासारखं झालं. ट्रंपेटवाल्यांनी त्याच्यावरून आपापला सूर शोधला, युफोनियम परत आला, मी पोटभर श्वास घेऊन ओळ पुरी केली. सगळं मिळून पंधरा-वीस ठोक्यांचा मामला. समोर नांदेडच्या मास्तरनं क्लॅरनेट ओठांवरून काढलं आणि तो नुसता ऐकत उभा राहिला. मग त्याचा बँड एकेक करून थांबला. आमचा नवरदेव आधी गेला.

लोकांनी मला उचलून घेतलं. मास्तरनं सूर चढवला, मास्तरनं बाजी मारली. नवरदेवाच्या मामानं स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून मला बांधला. मी मागं बोट दाखवू शकलो असतो. नाही दाखवलं. नांदेडचा मास्तर गळाभेटीला आला, तो कसबी माणूस, त्यानं मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "मागं टेनरला कोन हाय तुमच्याकडं?" मी म्हटलं, हाय एक देवणीचा. पुढच्या वेळी त्यानं आपल्या टेनरवाल्याला माझ्या बँडच्या मागं मागं चालायला पाठवलं, शिकायला. दिगूनं मला त्या सुराबद्दल कधीच काही विचारलं नाही. तेव्हाही तो बाज्यातली थुंकी झटकून एवढंच म्हणाला, पंगत बसली मास्तर, जेवाय चला. त्यानं भांडण केलं असतं तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

नंतर काय झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. उदगीरचा टेनर ठोक्याच्या मागून यायला लागला. अहमदपूरचा सुराआधी वारा सोडायला लागला. मोठ्या तिथीला आम्ही एका गावात वाजवत असू आणि शेजारच्या वस्तीत दुसरा बँड असला की वाऱ्यावरून दिगूचा आवाज यायचा, आणि दिगू तर माझ्या मागं उभा असायचा. माझ्या क्लॅरनेटची नक्कल मात्र कुणी केली नाही. पुढं माझ्या मुलीच्या सासरकडच्या लग्नाला मी पाहुणा म्हणून नांदेडला गेलो होतो. तिथल्या बँडमधला तिशीतला टेनरवाला हुबेहूब तसंच वाजवत होता. मी त्याला विचारलं, कुणाकडून शिकलास. तो म्हणाला, "शिकायचं काय त्यात काका. नांदेडची पद्धतच हाय ही." मी त्याला देवणीचं नाव सांगायला हवं होतं. मी म्हटलं, छान पद्धत हाय, आणि बासुंदी खायला निघून गेलो.

मग डीजे आले. ट्रॉलीवर भिंतीएवढे डबे, एक माणूस बटण दाबतो आणि सगळं गाव हादरतं. आमच्या तिथ्या निम्म्यावर आल्या, मग त्याच्याही निम्म्यावर. आधी मधल्या रांगा कमी झाल्या, आणि दिगू देवणीला गेला. गाई सांभाळतो असं कानावर आलं. त्याला निरोप देताना मी हार घातला, भाषण केलं. बँडचा इमानी माणूस असं म्हटलं. वाजवण्याबद्दल अक्षर काढलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मला नांदेडहून एका बाईंचा फोन आला. अनुराधाबाई म्हणून, कॉलेजात संगीत शिकवतात. कुणीतरी आपल्या लग्नाची जुनी कॅसेट मोबाइलवर टाकली होती, त्यात आमचा बँड होता आणि लातुरातल्या कुणीतरी माझा नंबर दिला होता. मी म्हटलं, हो हो, मीच तो. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्यात टेनर कोण वाजवतंय?" मी दिगंबर एवढंच नाव सांगितलं. मग त्या बराच वेळ बोलल्या. परदेशात जॅझ म्हणून संगीत आहे, तिथं टेनरवाल्यांना लोक फार मानतात, त्यांच्या सुराआधीच्या श्वासावरसुद्धा लेख लिहितात. आणि आपल्याकडं एका माणसानं त्यातलं काहीही न ऐकता लग्नाच्या वरातीत ते केलं. नांदेडचे तीन टेनरवाले एकसारखे का वाजवतात ते मला आता कळलं, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, आणि क्लॅरनेट कसं वाटलं? त्या म्हणाल्या, तेही चांगलं आहे.

तेही. या वयात माणसाला एवढ्या लहान शब्दानं काही होऊ नये. पण मग त्यांनी विचारलं, ते आता कुठं असतात, त्यांना भेटता येईल का, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "ते गेले."

मला वाटलं होतं एवढ्यावर विषय संपेल. संपला नाही. आठवड्याभरानं बाईंचा पुन्हा फोन, नांदेडात कार्यक्रम ठरवलाय, ते तीन टेनरवाले दिगंबररावांच्या स्मरणार्थ वाजवणार आहेत, तुम्ही बोलायला या, आणि त्यांचा एक फोटो पाठवा. मोठा करून घेऊ, हार घालायला. आमच्याकडं बँडचा एकच फोटो आहे. मी मध्ये खुर्चीवर, क्लॅरनेट मांडीवर. दिगू मागं, ढोलवाल्याच्या टोपीआड अर्धा. मी सूनबाईला मोबाइल दिला, एवढा चेहरा काढून दे म्हटलं. तिनं दोन बोटांनी फोटो ताणला. आधी ट्रंपेटवाले बाहेर गेले, मग मी गेलो, आणि दिगू एकटा मोठा मोठा होत गेला. तिनं सहज विचारलं, हे मामा कशानं वारले हो? हार घातलेला तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि पहिल्यांदाच माझी मला भीती वाटली. मी फोन परत घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरमार्गे देवणीची एसटी धरली.

दिगू गोठ्यात होता. केस पांढरे झालेले, बाकी तसाच. समोर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची उंच देवणी गाय, नजर लागावी अशी. मला तिथंही हेवा वाटला, म्हटलं याचं जनावरसुद्धा देखणं. त्यानं मला बाजेवर बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. चहा येईपर्यंत मला दम निघाला नाही. म्हटलं, "दिगू, मी तुला मारून टाकलं."

"कुठं?"

"नांदेडात."

मग सगळं सांगितलं. तो कोंडा कालवत ऐकत होता. ऐकून म्हणाला, "कशानं मेलो म्हनलाव?" मी म्हटलं, ते त्यांनी विचारलं नाही. त्याच्या बायकोला हसू आलं. मला नाही आलं. मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि म्हटलं, दिगंबर जिवंत आहेत, माझ्यासमोर बसलेत, मी खोटं बोललो. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जळत होतो. आणखी काही न विचारता त्या म्हणाल्या, त्यांना द्या. दिगू फोनवर फक्त हाव, हाव करत राहिला, आणि शेवटी, येतो की, म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, बाई वाजवण्याचं काय म्हनल्या तुमाला. मी परदेशाचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं, दोन वाक्यांत संपलं. तो तसाच बघत राहिला, अजून काही आहे का म्हणून. मग मी बोलायला लागलो. सांगितलं की तू सूर सुरू करत नव्हतास, सूर तुझ्याकडं चालत यायचा. की गाणं आनंदाचं असलं तरी तुझ्या ओळीच्या शेवटी जरासं ओझं यायचं, आणि लोक नाचता नाचता तेवढ्यापुरते हळू व्हायचे, त्यांचं त्यांना कळायचंही नाही. की तू कधीच मोठ्यानं वाजवलं नाहीस तरी ढोलाच्या वर ऐकू यायचास. की घरी गेल्यावर मला माझं क्लॅरनेट आठवायचं नाही, तुझा टेनर आठवायचा, आणि मी उशीत तोंड खुपसून पडायचो. की त्या मुकाबल्यात सूर मी तुला पाडायला चढवला होता, आणि तू धरलास तसा सा मी पुन्हा कुणाकडून ऐकला नाही. चहा गार झाला. एवढं मी माझ्या बायकोशीही कधी बोललो नव्हतो.

दिगूचे हात कोंड्यात तसेच होते.

"हे बाई म्हनल्या?"

"न्हाई. हे मी म्हनायलोय."

तो गाईकडं बघत म्हणाला, "मला वाटायचं, मी मागं नुसता भरीला हाव. डीजे आल्यावर म्हनलं आता ठिवून काय करायचं, अन् मोडीत घातला बाजा. पितळ म्हनून घेतला भंगारवाल्यानं. तुमी ह्यातलं एक जरी बोलला असता मास्तर, तर न्हाई घातला मी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. एवढं बोलून तो गाईला पाणी दाखवायला उठला, आणि मी बाजेवर बसून राहिलो.